मी महाराष्ट्र, लालसू तेलंगणा

मु. पो. तेच, ता. जिवती, जि. चंद्रपूर
(पलीकडच्या सरकारच्या नकाशात तालुका वेगळा आणि जिल्हाही वेगळा. पोस्ट मात्र एकच, आणि ते मी एकतीस वर्षं सांभाळलं.)
बुद्ध पौर्णिमा होऊन आठ दिवस

चि. खुशबू हिला मोठेबाबांचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. पुण्याचं पाणी तुला मानवत नाही असं प्रफुल्ल सांगत होता (तुझा बाप लहानपणापासून सगळं वाढवून सांगतो, तरी पाणी उकळून पी). माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे दुखतात, पण ते दुखणं जुनंच आहे, त्याची चौकशी करण्यात अर्थ नाही. माझा बैलही बरा आहे. तो हल्ली सगळा दिवस कुंपणाकडे तोंड करून उभा असतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

तुझा निरोप फोनवर पोचला. आमच्याकडे रेंज टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली येते, त्यामुळे निरोप वाचायला एकदा चढावं लागतं आणि उत्तर द्यायला पुन्हा. मी एकदाच चढलो. उतरताना ठरवलं की एवढ्या मोठ्या गोष्टीचं उत्तर बोटाने टिचकवून देऊ नये, पत्र लिहावं. तू लिहितेस की आमच्या एका वर्षाच्या नोंदी तुझ्या सरांना फार आवडल्या, आणि हाच प्रयोग अजून दोन वर्षं चालवला तर तुझा प्रबंध चांगला उभा राहील. वाचून आनंद झाला. हा आनंद मी लालसूला कळवलेला नाही, कारण तुझ्याच नियमाप्रमाणे आम्हाला एकमेकांना काहीही कळवता येत नाही.

प्रयोग कसा सुरू झाला ते तुला माहीत आहे, पण प्रबंधात तू ते चुकीचं लिहिशील म्हणून पुन्हा सांगतो. आपलं गाव दोन राज्यांच्या ओढाताणीत सापडलेलं. दोघंही म्हणतात, आमचं. म्हणून गावात दोन शाळा, दोन सरपंच, दोन रेशन दुकानं आणि घरोघरी दोन-दोन कार्डं. आतापर्यंत दोन्हीकडच्या शाईला माझं बोटही ओळखीचं होतं (हे प्रबंधात घालू नकोस). मागच्या उन्हाळ्यात तू पंधरा दिवस राहायला आलीस, तेव्हा माझ्या ओसरीवर शेजारच्या लालसूचं आणि माझं रोजचं संध्याकाळचं भांडण चालू होतं. तो म्हणायचा तिकडचं सरकार चांगलं, मी म्हणायचो इकडचं. पुढच्या महिन्यात त्याने इकडची बाजू घेतली की मी तिकडची घ्यायचो, कारण भांडणाला दोन बाजू लागतातच. तुला वाटलं हा मतभेद आहे. अगं, तो चहाचा भाग होता. तीस वर्षांत त्यात कोणी जिंकलं नव्हतं आणि कोणाला घाईही नव्हती.

तू मात्र वही काढलीस. राज्याच्या राजकीय कलाने तिथल्या माणसांची भरभराट ठरते का, यावर म्हणे मोठमोठे विद्वान भांडतात, पण त्यांची अडचण अशी की दोन राज्यांत जमीन वेगळी, पाऊस वेगळा, माणसं वेगळी. इथे जमीन एक, पाऊस एक आणि म्हातारे दोन. लालसूने तुला विचारलं होतं, "सरकारचा कल म्हंजे का जी?" आणि तू त्याला बराच वेळ समजावलंस, की एका सरकारचा कल लोकांच्या हातात देण्याकडे असतो, दुसऱ्याचा रस्ते-कारखाने उभारण्याकडे, वगैरे. (निवडणूक आली की दोघांचाही कल आमच्या गावाकडे असतो, हे मी तेव्हाच म्हणालो होतो. तू ते लिहून घेतलं नाहीस.) मग चिठ्ठ्या टाकल्या. मला महाराष्ट्र आला, लालसूला तेलंगणा. मृगापासून वर्षभर मी फक्त इकडच्या सरकारचं घ्यायचं, त्याने फक्त तिकडचं, आणि आम्ही एकमेकांना काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही, सल्लासुद्धा नाही, म्हणून बोलणंही नाही, नाहीतर नमुना नासतो म्हणालीस. दोघांनी चारचौघांसमोर शब्द दिला. मला वाटलं होतं लालसू नाही म्हणेल. त्याला वाटलं असणार की मी म्हणेन.

पहिली अडचण आठव्या दिवशीच आली. बैल आमच्याकडे एकेकच. त्याचा आणि माझा मिळून एक जोडी, आधी त्याचं वावर आणि मग माझं, अशी सावड आमच्या बापांपासून चालत आलेली. आता अर्धं औत महाराष्ट्रात आणि अर्धं तेलंगणात. एका बैलाने काय नांगरणार? शेवटी दोघांनीही अजयचा ट्रॅक्टर बोलावला. अजय आधी माझ्या वावरात आला, मग धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून लालसूच्या वावरात गेला, आणि दोन्ही राज्यांना त्याने भाव एकच लावला. निघताना मला म्हणाला, "काऊन जी काका, बैल मेला का?" मी म्हणालो, नाही, अभ्यास चालू आहे. पोळ्याला दोन्ही बैल सजवले, पण एकट्या बैलाला मिरवत नेताना मला लाज वाटली, म्हणून लवकर घरी आणला.

दुसरी अडचण पोटाची. तिकडच्या रेशनचा तांदूळ चांगला, आणि आपल्याकडे गहू मिळतो. तुझी मोठीआई, कमला, होती तोवर आमच्याकडच्या पोळ्या तिकडे आणि तिकडचा भात इकडे असं चालायचं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा माझा गहू मी लालसूच्या बायकोकडे, बुधरीकडे टाकला आणि माझं ताटही तिकडेच लागू लागलं. हे सगळं तुझ्या प्रयोगात बसेना. आता ते दोघं पोळीला महाग झाले आणि मी भाताला, भाजीला आणि एकूण जेवणालाच. पावसाळ्यात एकदा बुधरी कुंपणाशी वाटी घेऊन आली. बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, आपण वास्ते म्हणतो ती. मी नियम सांगितला. ती म्हणाली, "वास्ते तं जंगलातले हायेत भाऊ. जंगलाले बी राज्य राह्यते का?" मी म्हणालो, जंगल वनखात्याचं आहे, ते एक वेळ सोडू, पण फोडणीचं तेल तेलंगणाचं आहे. ती वाटी घेऊन परत गेली. त्या दिवशी तू दिलेल्या वहीत 'आहार' या रकान्यात मी लिहिलं, भाकर आणि मिरची. शेवटी तू 'इतर' म्हणून बोटभर जागा ठेवली आहेस, तिथे लिहिलं, वास चांगला होता.

भाद्रपदात मला ताप भरला. तिकडच्या नर्सबाई गावात फिरतात, आपल्या बाजूच्या दवाखान्यात जायचं तर आधी जीप आणि मग बस. मी जीपची वाट पाहत पडून राहिलो. नर्सबाई माझ्या दारावरून दोनदा गेल्या, पण मी महाराष्ट्रात आजारी असल्यामुळे त्यांना हाक मारली नाही. त्या चार दिवसांत लालसू कुंपणापलीकडे बसून होता. माझ्याशी बोलायची बंदी, म्हणून आपल्या बैलाशी बोलायचा, अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "ऐकून राह्यला का रे? ताप असला का उपाशी पोटी गोळी घेऊ नोको. आधी पेज पे." बैल पेज प्यायला की नाही ते माहीत नाही, मी प्यायलो. पाचव्या दिवशी मीही माझ्या बैलाला मोठ्याने सांगितलं की ताप उतरला आहे. मग काही दिवस असंच चाललं. त्याने त्याच्या बैलाला सांगावं, मी माझ्या. कापसावरची अळी, भाव, सरपंचांच्या भानगडी, सगळं. पुढे मला वाटलं की हाही सल्लाच झाला, तुझ्या वहीला फसवल्यासारखं होतं, म्हणून मी बोलणं थांबवलं. ते मी करायला नको होतं. लालसू त्यानंतरही कितीतरी दिवस बैलाजवळ येऊन उभा राहायचा, माझ्या ओसरीकडे बघायचा आणि घरात जायचा. आता तोही येत नाही. माझा बैल मात्र अजून त्या कुंपणाकडेच तोंड करून उभा असतो.

तर निष्कर्ष. दोघांचा कापूस एकाच काट्यावर मोजला गेला आणि जवळपास सारखाच भरला (अळीला राज्य कळत नाही). तिकडच्या सरकारने त्याच्या हातात काही दिलं, इकडच्या सरकारने माझ्या खात्यात काही टाकलं, आणि दोघांनीही ते ट्रॅक्टरवर घालवलं. रस्ते दोन्ही सरकारांनी केले. एक तिकडून येतो, एक इकडून, आणि दोन्ही माझ्या घरासमोर वीस-पंचवीस पावलं अलीकडे थांबतात, मधे चिखल. दोन्हीकडून सरकार बदलण्याच्या गोष्टीही ऐकल्या. बदललं तर तो नवा प्रयोग धरायचा की जुनाच, ते कळव. माझं स्वतःचं मत विचारशील तर सरकारचा कल कुठेही असो, मागच्या वर्षापर्यंत आमच्याकडे जी काही बरकत होती ती त्यांचा तांदूळ आणि आपला गहू एका चुलीवर शिजत होता म्हणून होती. पण हे तुझ्या एकाही रकान्यात बसत नाही, म्हणून तेही 'इतर'मध्ये टाकलं आहे. 'इतर'ची जागा आता संपली आहे, मी मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

बुद्ध पौर्णिमेला खीर केली. दरवर्षी लालसू आणि बुधरी येतात, वंदना संपेपर्यंत लालसू मागे भिंतीला टेकून बसतो आणि मग पहिली वाटी त्याची. सवयीने यंदाही मी, कमला धरून, चौघांची केली. एकट्याने दोन दिवस खाल्ली. मधे दोन्ही सरकारांचे मोजणीवाले येऊन गेले. इकडच्याने विचारलं घरात माणसं किती, मी म्हणालो एक. चार दिवसांनी तिकडचा आला, त्यालाही म्हणालो एक. दोन राज्यांनी मोजूनही बेरीज वाढत नाही. त्याला म्हटलं बसा, चहा टाकतो, पण त्याला अजून पुढची घरं करायची होती.

तरी अभ्यासाचं काम मोठं आहे हे मी जाणतो. प्रयोग अजून दोन वर्षं चालवायला माझी हरकत नाही. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. लालसू माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असावा (त्याच्या जन्माची नोंद दोन्ही राज्यांत नाही). म्हणजे वेळ आमच्याकडे फार आहे असं नाही, पण तुझ्या प्रबंधापुरता असेल. आईबाबांना माझा जयभीम सांग. थंडीत कान झाकत जा, आणि आता उन्हाळा आहे, तर उन्हात जाऊ नकोस.

तुझे मोठेबाबा
संघपाल

ता. क. हरकत नाही असं वर लिहिलं आहे ते तुझ्या सरांना दाखवण्यापुरतं. तुला खरं सांगतो, पोरी, हा प्रयोग बंद कर. मला आता होत नाही. मी शब्द दिला आहे, म्हणून मी मोडणार नाही, आणि लालसू तर मुळीच मोडणार नाही, तो माझ्याहून हट्टी. तू मोडलास तर चालेल, तू लहान आहेस आणि पुण्यात आहेस. तेलंगणा जिंकला असं खुशाल लिही. आणि एक कर, ते पत्र मला टाकू नकोस, लालसूच्या नावाने टाक. त्याला वाचता येत नाही. एकतीस वर्षं त्याची पत्रं मीच आणून दिली आणि मीच ओसरीवर बसून वाचली, त्याला लिहायची असली तरी लिहून देणारा मीच. पत्र आलं की त्याला माझ्याकडे यावंच लागेल. आत काय लिहायचं ते तू ठरव, पण जरा लांबलचक लिही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पाण्याला गेलो होतो, तिथे अंगणवाडीच्या रुखमाबाई भेटल्या. लालसूच्या नोंदी तू त्यांच्या फोनवर घेतेस, म्हणून अजून दोन वर्षांचा तुझा निरोप तिथेही आला होता आणि त्यांनी तो लालसूला सांगितला म्हणे. परवा लालसू त्यांच्याकडे गेला आणि तुला एक पत्र लिहून घेतलं. आत काय आहे ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही (दुसऱ्याचं टपाल उघडं करू नये, हे मीच त्यांना कधीतरी शिकवलं असेल). लालसूने माझ्याशिवाय लिहिलेलं हे पहिलंच पत्र. म्हणजे तुझं उत्तर आलं तरी ते वाचून घ्यायला तो आता रुखमाबाईंकडेच जाईल, तेव्हा वरची युक्ती राहू दे. त्याने काय मागितलं, कोण जिंकलं असं तो म्हणतो, हे मला कळवू नकोस. त्यात माझं नाव आहे का, तेवढं कळव.