फडक्यातले जीव

आई,

जय जिनेंद्र. मी बरा हाय. दिवस मावळायच्या आत जेवतो, काळजी करू नको. तुझा गुडघा मिरजेला दाखवलास का? भाग्यश्रीला संगं ने.

फोनवर जमलं न्हाई, म्हणून लिवतोय. आप्पांना वाचून दाखवू नको.

इथं सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या माळावर, पावसाळ्यात कातळावर तळी साचतात. हॉटेलच्या कामावर टँकर कवातरीच येतो, म्हणून आमी शेजारच्या तळ्याचं पाणी प्यायचो. तू दिलेल्या फडक्यानं मी रोज गाळायचो. फडक्यात काचेसारखे बारीक झिंगे यायचे, उताणे पोहणारे. बेडकाची पिल्लंबी यायची. तू शिकवलंस तशी ही जिवाणी, फडक्यात अडकलेले जीव, परत त्याच तळ्यात सोडायचो. दोन महिन्यांत एक दिवस चुकलो न्हाई. माणसं हसायची.

सोमवारी मालकाचा निरोप आला, गाड्या लावायला जागा करा. मुकादम मीच. डंपरवाल्यानं इचारलं, "मुरूम कुठं टाकू?" मी तळ्याकडं हात केला.

सकाळचं फडकं तवा पातेल्यात पाण्यातच होतं. जीव सोडायचे राहिले होते. पलीकडं दुसरं तळं हाय, पण तूच सांगितलंस, ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात. म्हणून तसंच झाकून ठेवलं. दोन दिवस हलत होते.

आज हलत न्हाईत.

गावातले तात्या म्हणतात, तळं आटलं तरी ह्या झिंग्यांची अंडी मातीत राहतात, पुढच्या पावसात परत जीव धरतात. आता त्या मातीवर कमरेएवढा मुरूम हाय.

आई, पातेलं अजून उशाशी हाय. हे पाणी कुठं ओतू?

तुझा लेक,
अतिशय