शेवटचं नाम धरायचं

५ जुलै १९९८
आले एकदाची साखऱ्याला. शेळ्यांवर संशोधन करणारं केंद्र म्हणजे माळावर दोन खोल्या नि गोठा, पण हवा झकास. सुकन्या मॅडम हिंगोलीत आमच्या शेजारी राहायच्या, तेव्हापासून मला लेकरू म्हणतात. त्यांनीच नोकरी दिली. इंग्रजी शोधनिबंधांची शीर्षकं मराठीत करायची. शीर्षकं कसली, नामांची मालगाडीच. क्रियापद औषधालाही नाही. मॅडमनी युक्ती शिकवली. शेवटचं नाम धरायचं आणि कशाचं, कुणाचं, असं विचारत मागे यायचं. संध्याकाळी स्वतः पेलाभर दूध घेऊन आल्या. अम्मीची आठवण झाली.

१९ जुलै
युक्ती जमली. गोठा सांभाळणाऱ्या सिंधूबाईंनी मात्र आज विचारलं, की निळ्या शिंगांच्या शेळ्यांचं दूध तुमी काहून पिऊन राहिल्या. औषध चालू असलेल्या शेळीचं शिंग रंगवायचं नि तिचं दूध मातीत ओतायचं, अशी इथली रीत. मॅडमना सांगितलं. हसल्या. म्हणाल्या, अडाणी बाई आहे, लेकरा. मलाही हसू आलं.

२ ऑगस्ट
अक्षरं धुरकट दिसतात. चष्मा लागेल, असं मॅडम म्हणाल्या. मदतीला माझ्या धाकट्या बहिणीला, उझ्माला, बोलावून घेणार आहेत. किती बघतात माझं.

९ ऑगस्ट
गठ्ठ्यात मॅडमच्याच नावाचा निबंध निघाला. पहिला शब्द पुसट दिसला, म्हणून शेपटाकडून वाचायला लागले. ऱ्हास. कशाचा? दृष्टीचा. कुणाच्या? तरुण मुलींच्या. कसल्या? औषध दिलेल्या शेळीचं दूध पाजलेल्या. पाजलं कुणी? ते लिहिलेलं नाही. अशा शीर्षकात कर्त्याला जागाच नसते.
गोठ्यात गेले. मॅडम निळ्या शिंगांच्या शेळीची धार काढत होत्या. माझ्याच पेल्यात.

१० ऑगस्ट
तोंडावर विचारलं. नाकारलंसुद्धा नाही. अनुवाद बरोबर आहे म्हणाल्या, फक्त पहिला शब्द राहिलाय. आमच्या घरी ईदला शीरखुर्मा खाल्ला या बाईनं. माझ्या अम्मीला ताई म्हणायची. मी हिच्यावर आईइतका विश्वास टाकला —
दाराला बाहेरून कडी.

११ ऑगस्ट
ओळ दिसत नाही — अंदाजानं लिहितेय — कागद डोळ्यांना लावला — पहिला शब्द लागला —
जोडी. सख्ख्या बहिणींची —

१२
जीप — उझ्माचा आवाज — हसतेय —
दार बडवतेय मी — मॅडम तिला सांगतायत, तुझी ताई झोपलीय, तू आधी दूध —
उझ्मा, नको —
ती थँक्यू म्हण