पोरीचा फोटो परत द्या

फोटो परत द्यायचा नाही म्हणजे काय? होकार द्या, नकार द्या, काय द्यायचं ते द्या, पण पोरीचा फोटो आणि पत्रिका मुकाट्यानं परत करायची, एवढी साधी रीत होती आणि ती आता कोल्हापुरात कुणाला समजावून सांगता येत नाही. वधू-वर कार्यालयात दोनदा जाऊन भांडून आले. दोन्ही वेळा मेल्यांनी चहा पाजला. भांडायला आलेल्या बाईच्या हातात कपबशी दिली की तिला हातवारे करता येत नाहीत, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे.

अव्वा, हे तुला सांगतेय कारण ही रीत मी आईकडून, म्हणजे तुझ्याकडूनच उचलली. काना-मात्रा चुकली तर बोल लावू नकोस, चौथीतनं शाळा तूच सोडवलीस. आणि तू गेलीस तेव्हा आपल्या गल्लीत कुणाकडं फोनसुद्धा नव्हता, त्यामुळं सगळं पहिल्यापासून सांगणं आलं.

माझी थोरली नात, म्हणजे तुझ्या नातवाची पोरगी, चोविशीची झाली. दवाखान्यात रक्त तपासतात तिथं नोकरीला आहे. सकाळी केस मागं ओढून घट्ट बांधते, पांढरा कोट पिशवीत घालते आणि दिवसभर लोकांना सुया टोचून येते. तिच्या लग्नाचं मीच मनावर घेतलं. माझ्या मुलाच्या हातात सोडलं असतं तर पोरगी साठीची झाली असती, त्याचं एकच, ‘हुईल की आपोआप.’ म्हणून मी तिच्या कपाटातला एक फोटो उचलला आणि राजारामपुरीतल्या वधू-वर कार्यालयात नेऊन दिला. तिला विचारलं नाही. तू तरी मला कुठं विचारलं होतंस?

कार्यालय चालवणारी बाई पन्नाशीची, चष्मेवाली, गोड बोलणारी. तिनं फोटो एका काचेच्या पेटीत पालथा घातला, आतनं उजेड सरकत गेला, आणि लगेच फोटो माझ्या हातात परत दिला. मी म्हटलं, “एवढ्यात नापसंत?” ती हसली. “न्हाई वं आज्जी, फोटो आत गेला. हा तुमचा तुमाला.” आत म्हणजे कुठं, हे मी तेव्हा विचारलं नाही. तिथंच चुकलं.

स्थळ मात्र चांगलं आलं. इचलकरंजीचं घर, स्वतःचे माग, पोरगा शेडवर उभा राहून काम करणारा. आमच्या पोरीला तो मनापासून आवडला. हे मला तिनं सांगितलं नाही, पण त्याचा फोन आला की घरातली बाकीची माणसं तिला दिसेनाशी होतात. सुपारी फुटली. साखरपुड्याला महिना राहिला, आणि एका दुपारी पोराच्या चुलत्याचा फोन. तो आपल्या पोरासाठी स्थळं बघायला तिथल्या एका कार्यालयात गेला होता, तर तिथल्या संगणकात आमची पोरगी. खाली लिहिलेलं, ‘स्थळ पाहणे आहे.’

“का वं आज्जी, सुपारी फोडून बी पोरगी मांडूनच ठेवलीसा व्हय? आमच्यापेक्षा बरं काय गावतंय का बघतायसा?”

“अवो पावणं, फोटो माझ्या ट्रंकेत हाय. आत्ता बघून सांगतो.”

“मग हितं काय तिचं भूत दिसतंय? सोमवारपतोर फोटो हलला न्हाई तर आमी बी दुसरीकडं बघाय मोकळं.”

मी ट्रंक उघडली. फोटो होता. तोच. मग इचलकरंजीत कोण बसलं होतं?

त्या वेळी मला तू आठवलीस, माझ्या लग्नाचं बघताना बिद्रीला निघालेली. माझा तो एकच फोटो होता, स्टुडिओत खुर्चीवर बसवून काढलेला. बिद्रीच्या घरानं नकार कळवला आणि फोटो ठेवून घेतला. अप्पा म्हणाले, कागदच तर आहे, राहू दे. तू भाकरी बांधलीस आणि मला सोबत घेऊन एस.टी. गाठलीस. मी लाजेनं मेलेली. मला गावाबाहेर पारावर बसवलंस, पण तुझा आवाज पारापर्यंत येत होता. “पोरगी नको तर नको, पण तिचं तोंड तुमच्या फडताळात कशाला पाहिजे?” अर्ध्या तासानं तू पदराखाली फोटो धरून आलीस आणि येताना एस.टी.त झोपलीस. एवढी गाढ झोपलेली तू मला घरात कधी दिसली नव्हतीस.

म्हणून मीही गेले. चष्मेवालीला म्हटलं, सुपारी फुटली, आमचा फोटो द्या. ती म्हणे, तुमचा तर कधीच दिला. मग इचलकरंजीत दिसतोय तो? तर तिनं मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सुरू केलं. “आज्जी, फोटो हितं नसतोच. पुण्याला एक मोठा संगणक हाय, सर्व्हर म्हणत्यात त्याला. समद्या पोरापोरींचे फोटो त्याच्या पोटात. आमी हितनं बघतो, इचलकरंजीवाले तिथनं बघत्यात, अमेरिकेतनं बी बघत्यात.”

“म्हंजे फोटो एक, आन् बघणारं गावभर?”

“व्हय.”

“आन् बघून झाल्यावर परत कोण देतं?”

“परत कशाचा देत्यात? तो तिथंच असतोय की.”

बघ, अव्वा. बिद्रीवाल्यांकडं निदान फडताळ होतं, दार होतं, दारात उभं राहून ओरडता येत होतं. पुण्याच्या त्या यंत्राचं दार कुठल्या बोळात आहे हे या बाईलाही ठाऊक नाही. ती स्वतः कधी तिथं गेलेली नाही. न बघितलेल्या घरात चारशे पोरी नेऊन ठेवल्यात आणि वर चष्मा पुसत बसलीय.

मी म्हटलं, ते मला काही सांगू नको, तो पुण्याचा फोटो माझ्या हातात दे, त्याशिवाय मी उठत नाही. तिनं कंटाळून कुठलीशी कळ दाबली, शेजारच्या यंत्रानं कुरकुर करत एक कागद बाहेर ढकलला. त्यावर आमची पोरगी, जरा निळसर, पण तीच. “घ्या आज्जी, आला पुण्यासनं.” मी घडी न घालता घरी आणला, ट्रंकेत पहिल्या फोटोवर ठेवला, आणि मुलाला म्हटलं, बघ, असं आणायचं असतं. दुसऱ्या दिवशी चुलत्याचा पुन्हा फोन. फोटो जिथल्या तिथं. त्या बाईनं मला गप्प करायला कागद दिला होता आणि मी शहाणी तो घेऊन आले होते. आता सोमवारला दोन दिवस उरलेले.

या खेपेला नातीनं अर्धी रजा टाकली. म्हणाली, “आज्जी, तू नुसतं बस. मी बोलतो.” तिचा चेहरा उतरलेला. दोन दिवस इचलकरंजीच्या त्या पोराचा फोन आला नव्हता आणि ती फोनच्या आसपासच कपडे घड्या घालत होती.

कार्यालयात गेलो तर फोटो काढून टाकायच्या आधी तो उघडून नंबर बघायचा म्हणे. चष्मेवालीनं संगणक फोनच्या तारेला जोडला, तो मांजर शेपटीवर पाय दिल्यासारखा किंचाळला, आणि यादीतल्या पोरी एकेक करून उघडायला लागल्या. हे फोटो एकदम दिसत नाहीत. भिंतीला चुना देत यावं तसे पट्ट्यापट्ट्यानं वरनं खाली उतरतात. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. एकेका पोरीला भाकरी भाजून होईल एवढा वेळ. तेवढा वेळ गप्प बसणं मला जमत नाही, ते तुला माहीत आहे. एकीचे दात पुढं होते, ते मी सांगितलं. एकीची मान आखूड होती. एकीनं एवढी पावडर फासलेली की म्हटलं, “हिला आधी धुऊन आणा.” चष्मेवाली हसत होती, त्यामुळं मला आणखी चेव आला. मी कशाला आले होते, ते मी विसरले. मी पोराकडची झाले होते.

पुढचा फोटो उतरायला लागला. केस मागं ओढलेले. मग कपाळ. मग आणखी कपाळ. मी म्हटलं, “अगं बया, ह्या पोरीचं कपाळ हाय का खळं? उतरतंयच, उतरतंयच. हिला कोण करून घेतंय?”

या वेळी चष्मेवाली हसली नाही. शेजारनं नात म्हणाली, अगदी शांत, दवाखान्यात घाबरलेल्या माणसाशी बोलावं तसं, “थांब की आज्जी. अजून डोळं यायचं हाईत. तोंड पुरतं उतरू दे, मग सांग पसंत का नापसंत.”

आणि डोळे आले.

पुढचं सगळं तिनंच केलं. पुण्याला फोन लावायचा तर संगणक तोडायला लागतो, संगणक जोडायचा तर फोन बंद, असला तो कारभार. तिनं न चिडता दोनदा तोडला, दोनदा जोडला, पलीकडच्या माणसाकडनं ‘काढला’ असं वदवून घेतलं, आणि पुन्हा उघडून बघितलं. तिच्या जागी रिकामा चौकोन आणि कोपऱ्यात बारकी लाल फुली. तिथनंच तिनं चुलत्याला फोन करून स्वतः बघा म्हणून सांगितलं. त्यानं बघितलं. सोमवार निघून गेला, स्थळ राहिलं, फोन पुन्हा यायला लागला. तेवढं झालं.

पण रिक्षात बसल्यावर तिनं मला विचारलं. “आज्जी, खरं सांग. तू पोराकडनं आली असतीस, तर मला व्हय म्हणली असतीस का?” मी म्हटलं, “गप बस, रिक्षावाला ऐकतोय.” रिक्षावाल्याला ऐकू येण्यासारखं त्या रिक्षाचं इंजिन नव्हतं. तिनं परत विचारलं नाही. आठ दिवस झाले. जेवायला वाढते, गोळ्या देते, सगळं नीट. सकाळी केस मात्र पहिल्यापेक्षा घट्ट ओढून बांधते, माझ्या समोर उभी राहून.

आता तुझ्याशी जरा भांडते. बिद्रीहून फोटो आणलास त्याचं मी आयुष्यभर कौतुक केलं. पण त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढं बसवून, तेलाचा हात लावून माझे केस पुढं कुणी ओढले? “कपाळ झाकू दे जरा,” असं रोज सकाळी कोण म्हणायचं? म्हणजे बिद्रीवाले का नको म्हणाले ते तुला ठाऊक होतं, आणि तुला ते पटलंही होतं. त्यांच्या दारात त्यांना शिव्या घातल्यास आणि घरी येऊन त्यांचंच ऐकलंस. मी त्यावर कधी बोलले नाही. लग्न होऊन इकडं आले तरी वीस वर्षं मीच माझे केस पुढं ओढत राहिले.

आणि ऐक, हे कुणाला सांगितलेलं नाही. डोळे आले, नाक आलं, हनुवटी आली, माझीच नात आहे हे कळलं, तरी ते कपाळ मला मोठंच वाटलं. अजून वाटतं. तिला ‘व्हय म्हणाले असते’ असं सांगितलं तर ते खोटं, आणि ती दिवसभर लोकांच्या नसा शोधते, खोटं तिला लगेच सापडतं.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. तिला काय सांगायचं ते सुचेना म्हणून तुला लिहीत बसले, एवढंच. आता तिची ड्यूटी सुटेल. तू मध्ये पडायचं नाहीस, तिच्या बापानंही नाही, इचलकरंजीच्या कुणी तर नाहीच. तिनं मला विचारलंय, उत्तर मीच द्यायचं, आणि ती चप्पल काढायच्या आत द्यायचं.