आप्पांचा राहिलेला पिंड

प्रिय गुरुमूर्ती,

तुझ्या सुप्रभाचा गुडघा आता कसा आहे? फोनवर विचारायचं राहून जातं. फोन लावला की तुझी वहिनी चंद्रमती शेजारी येऊन बसते आणि तिच्यासमोर मला मोकळं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. हात कापतो, अक्षरं नीट येत नाहीत, सांभाळून वाच. इथे तमिळ मुलखात आता देवनागरी वाचणारं कुणी उरलं नाही. आमची लेक वत्सला चेन्नईहून येते तेव्हा आपली मराठी बोलते खरी, पण कागद दाखवला की हसते.

मागच्या वर्षी आप्पांच्या श्राद्धाला मला चक्कर आली, एवढंच तुला कळवलं होतं. झालं असं, की सकाळी मी नेहमीची मधुमेहाची गोळी घेतली. गोळीने उपास मोडत नाही, हे आपल्या घरात सगळे धरूनच चालतात. भटजींना आधी दुसरीकडचं आटोपायचं होतं, त्यांना यायला उशीर झाला. ब्राह्मणांची पानं उठली तेव्हा दुपार कलली होती आणि माझ्या पोटात काही नव्हतं. पिंडासाठी भात हातात घेतला, तर बोटं थरथरायला लागली. अंगाला दरदरून घाम आला, समोरची माणसं पुसट झाली. पुढचं काही आठवत नाही. रिक्षातून दवाखान्यात नेलं म्हणे.

तिथे आहार सांगणारी एक मुलगी आहे, वाणी नावाची. मला आजोबा मानून ताता म्हणते. सगळं ऐकून म्हणाली, ताता, पितरांना तुम्ही समजावाल, गोळीला कोण समजावणार? मग तिने कागदावर चित्र काढून सांगितलं. मला ते माझ्या पद्धतीने कळलं. आठवीतून शाळा सोडून पापनाशमच्या भातगिरणीत चिकटलेला माणूस मी, मला दुसरं काय सुचणार? खाल्लेल्या भाताची पोटात साखर होते, ती रक्तातून अंगभर फिरते. थोडी लगेच खर्चाला, उरलेली यकृतात. ते गोदाम. रात्री आपण झोपतो तेव्हा तिथूनच माल निघतो. गोळी म्हणजे हमाल बोलावणं. मी हमाल बोलावले आणि मालाची लॉरीच आली नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी दुकानातलं, म्हणजे रक्तातलं, होतं तेच उचललं. तू जन्मभर पुण्याच्या शाळेत हेच शिकवलंस, तुला वाचून हसू येईल. येऊ दे.

ती आणखी एक बोलली, ते मात्र डोक्यातून जात नाही. माणूस जेवलाच नाही तर गोदाम दिवसभरात रिकामं होतं. मग अंगातली चरबी जळते, आणि मग देह आपलंच मांस मोडून खायला लागतो. वरण, मूग, दही का खायचं ते ती सांगत होती आणि माझ्या मनात आप्पा होते. कारण त्या दिवशी पिंड राहिला, गुरुमूर्ती. मला उचलायच्या गडबडीत भात सांडला, भटजी पुढच्या घरी गेले. पुन्हा करू म्हणता म्हणता वर्ष सरत आलं. आप्पांना देह नाही, मग चरबी कुठली नि मांस कुठलं, हे मलाही समजतं. तरी जेवायला बसलो की घास तोंडातच फिरतो. चंद्रमतीला वाटतं, भाजीत मीठ कमी आहे.

मागे तू म्हणाला होतास, अण्णा, मेलेल्या माणसाला भात पचत नाही. ते ऐकून चंद्रमती आत जाऊन रडली होती. त्यानंतर तू श्राद्धाला आला नाहीस, आणि मीही कधी ये म्हटलं नाही. तुझ्यावर राग नव्हता. तू नाही म्हणशील याची भीती होती.

आप्पा शेवटच्या बसने यायचे, आठवतं? चपला काढायच्या आधी विचारायचे, पोरं जेवली का. आपण त्यांच्यासाठी थांबलेलो दिसलो की आईवर चिडायचे. त्यांना गरम रसम वाढायच्या आधी आपली पानं मांडली जायची.

पुढच्या महिन्यात तिथी आहे. डॉक्टरांनी उपास करू नका म्हणून बजावलं आहे. मोठ्याला झेपत नसेल तर धाकट्याने केलेलं चालतं, असं भटजी म्हणतात. तू ये. तुझा विश्वास नसला तरी चालेल, हात तुझे असू देत. भात वळून ठेवायचा, बाकीचं भटजी सांगतील. मी त्या दिवशी सकाळी दोन इडल्या खाईन, गोळी घेईन आणि तुझ्या मागे बसेन. मी आधी खाल्लेलं आप्पांना चालेल ना, एवढं मात्र लिहून कळव. तू सांगितलंस तर मला पटेल.

तुझाच,
रघुअण्णा