तो त्यांना काही बोलला का?

बाई, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आणि मी आज तुम्हाला लिहायला बसलेय. शाळेला हाफ-टर्मची सुट्टी आहे, इमारतीत केअरटेकर सोडून कोणी नाही. मी प्रेप-रूम आवरायला म्हणून आले. इथल्या शाळांत प्रयोगशाळेच्या मागे ही एक अरुंद खोली असते. रसायनं मोजून ठेवायची, ट्रॉल्या लावायच्या, मुलांनी वापरलेल्या परीक्षानळ्या धुवायच्या, हे माझं काम. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या या शाळेत सतरा वर्षं मी हेच करतेय. तुम्ही हसला असतात, कारण नववीत तुमच्या तासाला नळ्या धुवायची पाळी आली की सगळ्यात जास्त कुरकुर मीच करायचे. सकाळपासून तीनदा केटल लावली आणि तिन्ही वेळा चहा करायचा विसरले. गेल्या ऑक्टोबरपासून हे असंच चाललंय. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठलो ते आठवत नाही.

माझी मुलगी अमेरिकेत असते, ओहायोत. जन्म इथला, शिक्षण केंब्रिजला, तिथून संशोधनासाठी गेली आणि तिथेच लग्न केलं. तिचा नवरा काळा आहे. हे वाक्य मी आत्ता सरळ लिहिलं, पण तीन वर्षांपूर्वी ते मला कुणापुढे उच्चारता येत नव्हतं. पुण्याच्या बहिणीला मी ‘अमेरिकन आहे’ एवढंच सांगितलं. तिने फोटो मागितला तर ‘पाठवते नंतर’ म्हणाले. नंतर म्हणजे लग्न होऊन पाच महिने झाल्यावर. तो जमिनीची मोजणी करतो. आपल्याकडे मोजणीला सरकारी माणसं यायची, तिपाईवर दुर्बीण लावून एक डोळा मिटून बघायची, तसंच काम, फक्त यंत्रं नवी. उंच आहे, हळू बोलतो, आणि कुठल्याही खोलीत शिरला की आधी तिची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजतो.

ऑक्टोबरमधला तो शनिवार. दुपारची वेळ, मी थालीपिठाची भाजणी भिजवतेय आणि मुलीचा फोन येतो. पिठाचे हात, म्हणून स्पीकरवर टाकते. ती म्हणते, “आई, गुरुवारी पोलिस आली होती. ही वॉज जस्ट वर्किंग, आई.” तिचं मराठी असं धडपडतच चालतं. मग तिने सगळं सांगितलं. मोठमोठ्या घरांचा एक रस्ता होता. त्याच्या कडेला तो तिपाई लावून मोजमाप घेत होता. अंगात पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, शेजारी कंपनीची व्हॅन. कुणीतरी फोन केला की एक माणूस यंत्रातून आमच्या घरांत बघतोय. पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. कामाचं पत्र व्हॅनमध्ये आहे म्हणाला, तर व्हॅनकडे जायचं नाही म्हणाले. त्याला फुटपाथच्या कडेला बसवलं, हात गुडघ्यांवर, दिसतील असे. त्याच्या ऑफिसात फोन लागेपर्यंत चाळीस मिनिटं तो तसाच बसला होता. शाळेतून घरी जाणारी मुलं बघत बघत गेली. मग एका पोलिसाने ‘हॅव अ गुड डे’ म्हटलं आणि ते निघून गेले.

मी हे सगळं ऐकलं, बाई, आणि विचारलं, “तो त्यांना काही बोलला का?”

मग ती म्हणाली, “काय?”

“नाही, म्हणजे उलट काही बोलला असेल. आवाज चढवला असेल. उगाच चाळीस मिनिटं कशाला कोण बसवेल?”

“आई, तू पण?” एवढंच म्हणाली. मग “मी नंतर फोन करते” म्हणून ठेवून दिला. पुढे तीन आठवडे तिचा फोन आला नाही. मी केला तर मेसेज यायचा, बिझी आहे.

त्यातच दिवाळी आली. इथल्या मराठी मंडळींचा फराळाचा कार्यक्रम होता, एका शाळेचा हॉल घेऊन. माझ्या यजमानांचे एक मित्र बेसिंगस्टोकहून आले होते. गप्पा अमेरिकेवर गेल्या. चकली मोडत ते म्हणाले, “रेसिझम आता तिथे तेवढा सीरियस प्रॉब्लेम राहिलेला नाही हो. मीडिया वाढवतो. कायदे झाले, त्यांचा माणूस प्रेसिडेंटसुद्धा होऊन गेला. आता ज्याच्या त्याच्या वागण्यावर आहे.” यजमानांनी मान हलवली. मुलीने सांगितलेलं त्यांना माहीत होतं, तरी हलवली. मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले, “वहिनी, तुमची मुलगी तिथेच असते ना? ती काय म्हणते?”

मी म्हणाले, “मजेत आहे.”

आम्हाला इथे तीस वर्षांत कोणी काही बोललं नाही, असं यजमान नेहमी सांगतात. मला एकदा बोललं होतं. स्टेशनच्या बाहेर, एका बाईने, ‘तुमच्या देशात जा’ म्हणून. माझ्या हातात भाजीची पिशवी होती आणि मी ट्रेनमधून उतरणाऱ्या लोकांना वाट देत उभी होते, एवढंच. ते मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता, ते मला ठाऊक होतं.

त्याच हॉलमध्ये एक नवं जोडपं होतं, नागपूरचं, नुकतंच वर्क व्हिसावर आलेलं. आमच्यातल्या एकीने त्या मुलीला फक्त नाव विचारलं. तिने सांगितलं. “हो, पण पूर्ण नाव?” त्या मुलीने हसून आडनाव सांगितलं. आमच्यातलीही हसली आणि ‘अच्छा’ म्हणाली. पुढे दहा मिनिटं त्या दोघांशी कोणी बोलायला गेलं नाही. मीही नाही. मी त्या मुलीच्या हातातल्या प्लेटकडे बघत होते आणि तिथे मला तुम्ही आठवलात. माझा तो प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारला नव्हता, हेही तिथेच लक्षात आलं.

चाळीसगावच्या आपल्या शाळेत तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवत होतात. माझ्या हातून बीकर फुटला तो दिवस तुम्हाला आठवणार नाही, मला आठवतो. नोंदवहीत मी लिहिलं, ‘बीकर फुटला.’ तुम्ही वही माझ्यासमोर परत ठेवलीत. “आपोआप फुटला? ‘मी फोडला’ असं लिही. विज्ञानात कर्ता खोडायचा नसतो.” सगळ्या वर्गासमोर बोललात. मला रडू आलं, तरी दुसऱ्या दिवशी तुमच्या मागे-मागे फिरायला मी पहिली.

दहावीच्या वर्षी आमच्या घरावर नव्या दोन खोल्या झाल्या होत्या. तुम्ही जागा शोधताय असं मीच बाबांना सांगितलं. तुम्ही येऊन खोल्या बघून गेलात, आईने तुम्हाला पोहे दिले, बाबा म्हणाले, “एक तारखेपासून या.” तुमच्या आडनावावरून घरात कुणाला काही कळलं नव्हतं. मग मी वह्या द्यायला तुमच्या तेव्हाच्या खोलीवर गेले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर बघितली, हार घातलेली. ती बातमी घरी मी नेली. जेवताना सांगितली, काहीतरी नवीन सांगितल्याच्या आनंदात. आई वाढता वाढता थांबली. बाबांनी जेवण संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, “बाईंना सांग, वर काकांचं सामान यायचंय.”

निरोपही मीच दिला. काकांचं सामान कधी आलं नाही. त्या खोल्या सहा महिने रिकाम्या होत्या. आणि निरोप दिल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी तुम्हाला विचारलं, “बाई, तुम्ही बाबांना काही बोललात का?”

तुम्ही नळापाशी उभ्या होतात. माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही, एखादी गोष्ट नीट वाचून घ्यावी तसं. “नळाला पाणी किती वाजता येतं, ते विचारलं होतं,” तुम्ही म्हणालात. “त्याशिवाय काही नाही.” मग हातातली नळी मला दिलीत. “ही उलटी ठेव. निथळू दे.”

पुढे तुम्ही मला पहिल्यासारखंच शिकवलंत. निकालानंतर आपला इंग्रजी-मराठी शब्दकोश दिलात, पहिल्या पानावरचं स्वतःचं नाव न खोडता. मी तो घेतला. आणि इतकी वर्षं मनाशी काय म्हणत आले? ‘बाईंना आमच्याकडे खोली मिळाली नाही.’ कर्ता नाहीच.

मुलीच्या त्या फोननंतर चौथ्या आठवड्यात जावयाचा फोन आला. तो आम्हाला ‘आई’, ‘बाबा’ म्हणतो, बाकी सगळं इंग्रजीत. म्हणाला, “आई, तिच्यावर रागावू नका. हा प्रश्न सगळेच विचारतात. माझ्या आईनेही पहिला तोच विचारला.” त्याच्या आईने त्याला तो अकरा वर्षांचा असल्यापासून शिकवलंय: पोलिस आले की हात दिसतील असे ठेवायचे, ‘सर’ म्हणायचं, आवाज वर जाऊ द्यायचा नाही, त्यांचं चुकत असलं तरी. त्या गुरुवारी तिने विचारलं, “तू काही बोलला नाहीस ना?” तो नाही म्हणाला आणि ती फोनवर रडली. “तुम्हीही काळजीनेच विचारलंत,” तो म्हणाला. “मला माहीत आहे.”

मी म्हणाले, “हो. काळजीनेच.”

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. सगळं सुरळीत झालं. आणि माझी खरी तगमग तेव्हापासून सुरू झाली, बाई. शब्द तेच असले तरी आम्हा दोन आयांचे प्रश्न एक नव्हते. तिला ‘नाही’ हे उत्तर हवं होतं, कारण त्यावर तिचा मुलगा जिवंत राहणार होता. मला ‘हो’ हवं होतं. तो काहीतरी बोलला असता तर पोलिस बरोबर ठरले असते, चकली मोडणारे ते गृहस्थ बरोबर ठरले असते, माझे बाबासुद्धा. सगळं जग जागच्या जागी राहिलं असतं आणि फक्त एका माणसाचं चुकलं असतं.

ईस्टरला ती दोघं आली. जावयाला डिशवॉशर आवडत नाही, जेवण झालं की तो बाह्या सरसावून सिंकपाशी उभा राहतो. मी शेजारी पुसायला. मुलगी आणि तिचे बाबा बाहेर बागेत होते. तो भांडी विसळत होता आणि मी म्हणाले, “मी तो प्रश्न काळजीने विचारला नव्हता.” माझं इंग्रजी तीस वर्षांनीही अशा वेळी अडखळतं. त्याने नळ बंद केला. मग मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. खोल्या, तसबीर, काकांचं सामान, सगळं. जात म्हणजे काय हे मुलीने त्याला आधी सांगितलं असावं, कारण मध्येच त्याने काही विचारलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाला, “मग त्या कुठे राहायला गेल्या?”

“रेल्वे लाइनच्या पलीकडे कुठेतरी.”

“शाळेपासून किती लांब?”

मला माहीत नव्हतं, बाई. तुम्ही रोज किती चालत होतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी तसं सांगितलं. त्याने मान हलवली आणि नळ पुन्हा सोडला. ‘इट्स ओके’ तो म्हणाला नाही. ते ऐकायला मिळेल म्हणून मी वाट बघत होते, हे तुमच्यापासून काय लपवायचं? त्याने एक ताट माझ्या हातात दिलं, मी पुसलं, मग पुढचं.

दारात मुलगी उभी होती. किती वेळ, कोण जाणे. “आई, तू हे मला कधी सांगितली नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“पण का?”

मी पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं. ती वर निघून गेली. सकाळी उठल्यावर माझ्यासाठी चहा केला, साखर घालायची विसरली. मी तसाच प्यायले.

आता ती दर रविवारी फोन करते. मागच्या महिन्यात तिथल्या एका दुकानात पहारेकरी त्याच्या मागे-मागे फिरत राहिला, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. तिने ते सांगितलं. मी काय विचारते, याची ती वाट बघत होती. मी विचारलं, “तो कसा आहे?” ती म्हणाली, “बरा आहे.” आणि पुढे बोलायला लागली. पण हे मी मनापासून विचारलं, की कुठला प्रश्न विचारायचा एवढंच आता शिकलेय, ते मला सांगता येत नाही. तेव्हापासून तेच घोळतंय.

केअरटेकर किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला. हे कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाच नाही. पण एक सांगून टाकते. तुम्ही जायच्या आधी सहा वर्षं तुमचा नाशिकचा पत्ता माझ्याकडे होता. एका लग्नात भेटलेल्या वर्गमैत्रिणीने दिला होता, ‘बाई तुझी चौकशी करत होत्या’ असं सांगून. दोनदा मी एअरमेलचं पाकीट आणलं, एकावर तर तिकीटही लावलं. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगितलं असतं. तसं नव्हतं. मी लिहिलं असतं तर तुमचं उत्तर आलं असतं, म्हणून लिहिलं नाही.