एका सालात दोन लग्नं

२ डिसेंबर
रांगेत उभी राहा म्हणाली मला! विर्जी. माझी धाकटी सख्खी बहीण, मला मानांग म्हणते, म्हणजे ताई. तिची लेक रिझेल ऑस्ट्रेलियात नोकरीला, नवराही तिकडचाच, कॅलम. सत्तावीसला इथे लग्न. म्हणून सगळं दोन्हीकडचं — चर्चमध्ये नवरा-नवरीला एकत्र बांधणारा आपला दोर आणि ओढणी, हॉलमध्ये त्यांचा गुच्छ. नवरी पाठमोरी होऊन फुलं फेकणार, बिनलग्नाच्यांनी झेलायची. "मानांग, तू सगळ्यांत पुढे. गंमत येईल!" बावन्न वर्षांची मी. बायका फिदीफिदी हसल्या.

गंमत येईलच. दाखवते.

३ डिसेंबर
एका घरात एका सालात दोन लग्नं लागली की एक धुळीला मिळतं. शेंबडं पोरही सांगेल. तेविशीत माझं आणि आमादोचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. जुलैत विर्जी रडत आली — "आई, मला दिवस गेलेत." घाईघाईनं तिचं लावलं. आई मला म्हणाली, "फेलिसा, तू थोरली. तू थांब पुढच्या सालापर्यंत." आमादो जहाजावर गेला तो गेलाच. आणि रिझेल कधी झाली? लग्नानंतर सोळा महिन्यांनी! हत्तीण आहे का ही?

आता रिझेलच्या भावाचं लग्नही याच भीतीनं पुढच्या सालावर ढकललंय तिनं. मग दुसरं लग्न मीच करते. त्याच घरातली ना मी?

५ डिसेंबर
शेजारच्या गावी डोरोकडे गेले. विधुर. बाजारात माझ्या मासळीला बर्फ देतो. चार वर्षं विचारतोय. म्हटलं, "करायचं तर याच महिन्यात. कुणाला बोलायचं नाही."
"एवढी घाई? बर्फ वितळतोय काय?"
"करतोस की नाही?"
"करतो, करतो! ओरडू नकोस."
लग्नाची नोटीस त्याच्या गावच्या फळ्यावर, दहा दिवस. विर्जी तिकडे फिरकत नाही.

९ डिसेंबर
लग्नाच्या परवान्याचा कागद मिळण्याआधी सरकारी वर्गाला बसावं लागतं. दोन मुलांत अंतर किती हवं, एक पोरगेलीशी नर्स मला शिकवत होती. मला! डोरो वहीत उतरवून घेत होता. मेला.

१८ डिसेंबर
झालं. नगराध्यक्षांपुढे, सहा मिनिटांत. डोरोच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास. "साहेब, जरा थांबा" म्हणाला, आणि खिशातून फुलांचा दोर काढून दोघांच्या गळ्यात घातला. डोळे पुसत होता. मी विर्जीचं तोंड आठवत होते.

२७ डिसेंबर
रांगेत ओढायला विर्जी स्वतः आली. मी हात झटकला. मोठ्यानं म्हटलं, "माझं लग्न झालंय. अठराला. याच सालात!"
बाई राखेसारखी पांढरी पडली. "मानांग, माझ्या पोरीच्या मुळावर उठलीस!"
"सोळा महिने, विर्जी. आठवतात?"
मटकन बसली, रडली. एकोणतीस वर्षं मी या रडण्याची वाट बघितली. पोटभर बघून घेतलं. मग बोचकं उचलून डोरोकडे आले.

२८ डिसेंबर
सकाळी रिझेल आली. हसत! "मावशी, आईला कधी सांगितलं नाही. कागदपत्रांसाठी आम्ही तिकडे गेल्या सालीच कचेरीत लग्न केलं होतं. काल नुसता सोहळा."

म्हणजे या सालात आमच्या घरात लग्न एकच लागलं. माझं.