दहा दिवस गाळलेला ऑक्टोबर

१० नोव्हेंबर
लेकीच्या पाचवीच्या वर्गात पालकांनी जाऊन आपलं काम समजावून सांगायचं आहे. वीस मिनिटं. माझा नंबर २४ तारखेला, सकाळी दहाला. बायको नर्स. ती गेल्या महिन्यात जाऊन आली, मुलांच्या कानाला स्टेथोस्कोप लावला, वर्ग खूश. त्यात काय एवढं? मी बावीस वर्षं छापखान्यात कॅलेंडरं तपासतोय. लेक म्हणाली, बाबा, तू नाही आलास तरी चालेल. मागे दोनदा कबूल करूनही मला शाळेत जाता आलं नव्हतं, ते डोक्यात असेल. या वेळी वर्ग गाजवायचाच. विषय ठरला : सन १५८२.

११ नोव्हेंबर, सकाळी ६
मुद्दा साधा आहे. जुन्या कॅलेंडरात दर वर्षी अकराएक मिनिटांची चूक. शेकडो वर्षं साठत साठत ती दहा दिवसांची झाली. म्हणून त्या साली काही देशांत ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. पाच मिनिटांत कळेल कोणालाही. नोट्स काढायच्या नाहीत, असा निश्चय.

१४ नोव्हेंबर
नोट्स : एकतीस पानं. सूर्यापासून सुरुवात केल्यामुळे थोडं वाढलं. बायकोवर प्रयोग केला. ड्यूटीवरून आली होती, डोळे मिटून ऐकत होती. पुढे घोरलीही, पण पृथ्वीची एक फेरी पूर्ण झाल्यावर. लेकीने विचारलं, मधल्या दिवसांत ज्यांचा वाढदिवस होता त्यांनी काय केलं? म्हटलं, विषय भरकटवू नकोस. उठून गेली. हल्लीच्या मुलांत चिकाटी म्हणून नाही.

१७ नोव्हेंबर, जेवणाची सुट्टी
बूड एका जागी टिकत नाही. तीन चहा झाले, मशीनभोवती फेऱ्या किती ते मोजलं नाही. मग सुचलं : मुलांच्या हातात खराखुरा १५८२ चा ऑक्टोबरच द्यावा! औषध कंपनीच्या पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरची फाइल उघडली, साल बदललं, वार सरकवले, दहा तारखा उडवल्या, चाळीस कागद छापले. फाइल सेव्ह केली. स्टेथोस्कोप गेला खड्ड्यात.

१८ नोव्हेंबर
औषध कंपनीचं प्रूफ सहीला आलं. ऑक्टोबर मला आता तोंडपाठ आहे. चार, मग पंधरा. बरोबर. सही ठोकली.

२१ नोव्हेंबर
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. आठ हजार कॅलेंडरं तयार आहेत आणि सगळ्यांत सप्टेंबरनंतर सन १५८२ आहे. इतिहासाच्या दृष्टीने पानात एकही चूक नाही, हे मी शांतपणे निदर्शनास आणलं. मालकांचा इतिहास कच्चा, आवाज पक्का. नवं पान छापून येणार, ते जुन्यावर मी आणि बाइंडरने चिकटवायचं. माल २४ ला दुपारी निघणार. म्हणजे नेमका त्याच दिवशी. हरकत नाही, दहाच्या आत उरकतो. लेकीला सांगितलं, नक्की येतो. ती म्हणाली, बरं.

२४ नोव्हेंबर, सकाळी ९.५०
अजून नऊशे बाकी. बोटं डिंकाने एकमेकांना चिकटतायत. शाळा चालत दहा मिनिटं, धावलो तर सात. म्हणजे आणखी तीन मिनिटं आहेत.

१०.१५
बाइंडर म्हणाला, साहेब, तुम्ही जा. म्हटलं, एवढा गठ्ठा संपवून निघतो. वर्ग पाच-दहा मिनिटं थांबेलच.

संध्याकाळ
अकराला पळत सुटलो. वर्गात गणित चालू होतं. बाईंनी काळजीने विचारलं, आता ताप कसा आहे? लेकीने सांगून ठेवलं होतं, बाबा तापाने फणफणलाय. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी दारातच खोकलो. जोरात खोकलो. लेक वहीत डोकं घालून बसली होती. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती, मालकांपुढेसुद्धा नाही.

घरी येताना मी विचारलं, मग १५८२ चं तूच सांगितलंस का? म्हणाली, मला कुठे येतं ते. मी एवढंच सांगितलं की माझ्या बाबाने खूप तयारी केली होती.